केडगाव, कुर्डुवाडी, सोलापूर: आजीच्या वाटेनं

शनिवार

आजी प्रभूघरी गेली त्याला या जानेवारीत वर्ष झालं. रविवारी सोलापुरात तिची स्मरण उपासना ठेवलेली आणि कबरीवरचा दगडही त्याच दिवशी बसणार होता, म्हणून बाबा आणि मी शनिवारी सकाळच्या गाडीनं पुण्याहून निघालो. आजीचा जन्म १९२७ चा. सत्त्याण्णव वर्षं जगली, आणि शेवटचे दोन महिने सोडले तर आंघोळीचं पाणीसुद्धा स्वतःच काढून घेत होती.

उरुळी, यवत मागं पडलं आणि केडगाव यायच्या आधीच बाबांनी मला हलवून जागं केलं. "इथनं सुरू होतं बघ आजीचं," ते म्हणाले. आमची गाडी तिथं थांबणारी नव्हती, पाटी तेवढी वाचता आली.

१८९९-१९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी ज्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, त्यांत आजीची आई होती. चार-पाच वर्षांची असेल. आपलं गाव कुठलं हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. एक पायऱ्यांची विहीर आणि काठावरची चिंच, एवढंच तिला आठवायचं. मुक्तीत ती लिहा-वाचायला शिकली आणि मोठी झाल्यावर तिथल्या छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, आणि छपाईच्या कामालाही मुक्तीतल्याच मुली असत. भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये. पणजी तोवर लग्न होऊन नगर जिल्ह्यात गेली होती, पण तिच्या हातची काही पानं त्यात आहेत असं आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगतात. खिळा जुळवणाऱ्याला अक्षर उलटं वाचावं लागतं. पणजीनं आजीला अक्षरओळख करून दिली ती सुलट आणि उलट, दोन्ही. नव्वदीतही आजी टेबलापलीकडं बसून समोरच्याचं वर्तमानपत्र आपल्या बाजूनं वाचत असे आणि आम्ही पान उलटायच्या आत मथळा सांगून मोकळी होई.

दौंडला नगरकडं जाणारा फाटा लागतो. पणजोबा त्या बाजूच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. पगार तुटपुंजा, पण 'ज्ञानोदय' मात्र न चुकता घरी येई. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं ते पत्र आजीनं लहानपणी ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हातारपणी भिंग लावून वाचलं. सोलापूरच्या घरी त्याचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं. डब्यातली सगळी पोरं खिडकीला लागली होती. बाबांचं लक्ष पुढच्या स्टेशनांकडं होतं.

कुर्डुवाडीला गाडी थोडी रेंगाळली आणि बाबा खाली उतरून फलाटावर उभे राहिले. आता सगळीकडं मोठे रूळ आहेत. पण आजी पहिल्यांदा इथं उतरली तेव्हा हे बार्शी लाइट रेल्वेचं गाव होतं. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरला पोचली आणि १९२७ ला मिरजेला. आजी जन्मली त्याच साली मिरजेची वाट तयार झाली, ही गोष्ट ती स्वतः फार समाधानानं सांगायची. तिच्या मते हा योगायोग नव्हता. मला लहानपणी याचं नवल वाटायचं. आता तिच्या बाजूनं पाहिलं की वाटतं, दुष्काळात आई-बाप हरवलेल्या मुलीची मुलगी होती ती, आपल्यासाठी कुणीतरी आधीच वाट घालून ठेवलीय हा विश्वास तिला कुणी उसना दिलेला नव्हता.

१९४५ साली, अठराव्या वर्षी, ट्रंक आणि वळकटी घेऊन ती एकटी मिरजेला निघाली. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेलं तिथलं मिशन हॉस्पिटल तेव्हा सगळ्या दक्षिण महाराष्ट्राचा आधार होतं आणि नर्सिंग शिकायला लांबलांबून मुली तिथं येत. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीत चढली तर आत पाय ठेवायला जागा नाही, पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांनी डबा भरलेला. एका म्हातारीनं तिला आपल्या गाठोड्यावर बसवून घेतलं आणि भाकरी-ठेचा दिला. थोड्या वेळानं भजन सुरू झालं. मग म्हातारी म्हणाली, पोरी, तुझ्यातलं काही येतं का म्हणायला? आजीनं ना. वा. टिळकांचं एक पद म्हटलं. टिळक १९१९ मध्येच वारले, पण अभंग-ओवीच्या चालीत त्यांनी लिहिलेली ख्रिस्ती पदं आमच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, रोजच्या म्हणण्यात आहेत. चाल ओळखीची निघाली आणि डब्यातल्या लोकांनी टाळ धरला. आजी म्हणे, "मी ख्रिस्ती, ती माळकरी, आणि पंढरपूर येईस्तोवर दोघींनी एकमेकींना सोडलं नाही." उतरताना म्हातारीनं तिचं नाव विचारून घेतलं. आजीनंही तिचं विचारलं आणि ते नाव ती आम्हाला सत्तर वर्षांनंतरही सांगायची.

दुपारी सोलापूर. स्टेशनपासून मोदी भागातलं घर जवळच. दारात पाऊल टाकलं तर आत्या ओरडली, "आलाव व्हय? बॅगा ठिवा आन् आधी हांडे भरू लागा." पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की घरातली सगळी माणसं पाण्याला. आम्ही हांडे, बादल्या, पिंप भरले आणि मग चहाला बसलो.

संध्याकाळी काका दगड कोरणाऱ्याकडं घेऊन गेले. दगडावर काय लिहायचं यावरून घरात बरंच बोलणं झालेलं होतं. काकांना शास्त्रातलं एक लांब वचन हवं होतं. आत्या ठाम होती: आईनं स्वतः सांगून ठेवलंय, नाव, दोन सालं आणि खाली 'नर्स'. शेवटी तसंच झालं. कारागीर म्हातारा, हाताला अजून धूळ. म्हणाला, रंग दोन उन्हाळ्यांत उडतो, म्हणून अक्षर खोल घेतलंय. मी बोट फिरवून पाहिलं. 'नर्स'च्या रफारात नखाचं टोक आत गेलं.

रविवार

सकाळची उपासना. देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष, अशी बसायची रीत अजून म्हाताऱ्या मंडळींनी राखलीय. पेटी-तबल्यावर गीतं झाली, पाळकसाहेबांनी तेविसावं स्तोत्र वाचलं आणि छोटा, नेमका उपदेश केला. त्यानंतर साक्षीसाठी वेळ ठेवला होता. कुणीही उठून दोन शब्द बोलावेत. महिला संघाच्या बायका बोलल्या, संडे स्कूलमध्ये आजीकडून शिकलेला एक पन्नाशीचा गृहस्थ बोलला. सगळं मनापासूनचं होतं. पण मला जे लिहून ठेवायचंय ते सिव्हिल हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एका सिस्टरांचं बोलणं. त्या ख्रिस्ती नाहीत. मागच्या बाकावर बसल्या होत्या, पाळकसाहेबांनी बोलावलं तेव्हा पुढं आल्या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही घरं हलली, फळीवरची भांडी खाली आली. आजी जागीच होती. ती रोजच त्या वेळी जागी असे. गिरणीच्या भोंग्याच्या आधी उठून आजोबांचा डबा करायचा आणि डब्याच्या आधी प्रार्थना, ही जुनी सवय. आजोबा गेले, गिरणीचा भोंगाही बंद झाला, पण आजीची वेळ बदलली नाही.

उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या आणि मागोमाग ट्रक, जीप, एसटी, मिळेल त्या गाडीतून जखमी सोलापूरला येऊ लागले. आजी तेव्हा सहासष्ट वर्षांची. नोकरीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झालेली. तिनं पेटीतली पांढरी साडी काढली आणि चालत सिव्हिलला गेली. सिस्टर सांगत होत्या, "मी तेव्हा वॉर्डवर नवीन. कॉरिडॉरमध्ये गाद्या टाकलेल्या, कुणाला कुठं ठेवायचं कळत नव्हतं. ह्या बाई आल्या आणि म्हणाल्या, मला औषधांचं काही देऊ नका, आता नव्या गोळ्या आल्यात, त्या मला माहीत नाहीत. मला कोमट पाणी, कात्री आणि फण्या द्या."

फण्या कशाला, ते त्यांनी पुढं सांगितलं. तिकडची घरं दगड-मातीची, वर मातीचं जाड माळवद. भूकंपात माळवदं खाली आली, भिंती पडल्या आणि माणसं त्यात गाडली गेली. वाचली त्यांच्या, विशेषतः बायकांच्या, केसांत ती माती रक्तानं आळून बसलेली. डोक्याला खोक पडलीय की नाही हे डॉक्टरांनाही दिसेना. सोपा उपाय केस कापायचा. पण काही बायका डोक्याला हात लावू देईनात. ज्यांचं घरदार गेलं, नवरा गेला, त्यांना केस तरी ठेवायचे होते. आजी एकेकीपाशी बसायची. कोमट पाणी थोडं थोडं सोडायची, बोटांनी ढेकूळ मोकळं करायची, मग फणी. कधी एका डोक्याला तासभर लागायचा. जखम सापडली की तेवढेच केस कापायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. "विंचरताना त्या नाव विचारायच्या," सिस्टर म्हणाल्या. "तुझं नाव काय, गाव कुठलं, घरात कोण कोण होतं. ज्या बाया दोन दोन दिवस बोलल्या नव्हत्या त्या फणी फिरायला लागली की बोलायच्या. मी नर्सिंग शाळेत शिकले, पण हे मी त्यांच्याकडनं शिकले."

देवळात कुणी हललं नाही. बाबांनी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. ते तेव्हा पुण्यात होते आणि आजीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं की सिव्हिलला थोडी मदत करतेय.

उपासनेनंतर सगळे दफनभूमीत गेलो. शेवंतीचे हार, निशिगंध, मेणबत्त्या. दगड बसला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ऊन चढत होतं. मग देवळाच्या आवारात प्रीतिभोजन: मटण, भात, ज्वारीची भाकरी, आणि आजीचा हट्ट आठवून आत्यानं केलेली शेंगाचटणी, उखळात कुटलेली, तेल सुटेपर्यंत. दगड कोरणारे म्हातारेबाबा, सिस्टर, शेजारपाजारचे, सगळे पंगतीला होते.

सोमवार

१२ जानेवारी. याच तारखेला १९३१ मध्ये सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. १९३० च्या मेमध्ये शहरात मार्शल लॉ लागला होता, गांधी टोपी घातली तरी पकडत. सकाळी त्या चौघांच्या पुतळ्यांना हार घालायला गर्दी होती. आम्हीही थांबलो. आजीची सासू गिरणी कामगाराची बायको. मार्शल लॉच्या दिवसांत दाराला आतून मुसळ लावून बसल्याच्या तिच्या आठवणी आजीकडून आमच्यापर्यंत आल्यात.

त्याच दिवशी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा सुरू होते. बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला निघाले होते आणि निम्मे रस्ते बंद होते. रिक्षा वळसा घेत घेत सेटलमेंटला पोचली.

सेटलमेंट हा सोलापूरचा एक भाग आहे आणि त्या नावामागं मोठा अन्याय आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला आणि पुढं त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. बाहेर जायला पास, आत रोजची हजेरी. सोलापूरची वसाहत अशा मोठ्या वसाहतींपैकी एक. अमेरिकन मिशनच्या लोकांनी तिथं शाळा चालवल्या, कारभारही पाहिला. आमच्या मंडळीत त्या कामाबद्दल अभिमानानंच बोललं जातं. आजी तसं बोलत नसे. ती म्हणे, शाळा चांगली होती, तार चांगली नव्हती.

आम्हाला तिथं एका आजोबांना भेटायचं होतं. वय शहात्तर. त्यांचा जन्म कुंपणाच्या आत, १९४९ च्या उन्हाळ्यात, आणि बाळंतपण आजीनं केलं. मिरजेहून शिकून, लग्न होऊन ती नुकती सोलापुरात आली होती. आजोबांना हे सगळं त्यांच्या आईनं सांगितलेलं. कॉटवर बसून, माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत ते बोलत होते. "माझ्या आईला रातभर कळा चालू होत्या. सकाळी हजेरीची वेळ झाली. न जाऊन कसं चालंल? सासू म्हणली, धरून नेऊ. तुझी आजी उठली, हात पुसलं आन् स्वतःच गेली हापिसात. कारकुनाला म्हणली, ही बाई आज उभी राहणार नाही. हिच्या नावापुढं माझं नाव लिहा, मी उभी आहे."

कारकुनानं काय लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही. आजी परत आली आणि तासाभरात हे आजोबा जन्मले. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला. विमुक्त दिनाला दरवर्षी त्यांच्या घरून आजीला बोलावणं यायचं, आणि चालता येत होतं तोवर ती जायची. त्या दिवशी तिथं ती प्रार्थना मोठ्यानं करत नसे. मी एकदा विचारलं होतं का, तर म्हणाली, "त्यांचा दिवस आहे. मी ऐकायला जाते."

निघताना आजोबांच्या सुनेनं बाबांना टॉवेल दिला आणि मला साडीचा पीस. नको म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी आत्यानं आजीची पेटी उघडली. वर पांढऱ्या साड्या, त्याखाली फडक्यात गुंडाळलेली बाळाचे ठोके ऐकायची अॅल्युमिनियमची तुतारी. एक टोक रुंद, ते पोटावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. रुंद कडेला एक पोचा आहे आणि कानाकडची बाजू घासून घासून गुळगुळीत झालीय. आजी नगरपालिकेच्या नोकरीत होती, पण पूर्व भागातल्या विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीत ती ड्युटी संपल्यावरही जायची. तेलुगू आणि कानडी तिला येत होत्या त्या बाळंतिणीपुरत्या: श्वास घे, अजून एकदा, झालं हं.

आणि तळाशी वह्या. लाल कापडाच्या बांधणीच्या, दुकानदार रोजमेळासाठी वापरतात तसल्या लांबट. आत आजीनं पट्टीनं चार रकाने आखलेले: तारीख, नाव, कशासाठी, उपकार. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की आजी पहाटे प्रार्थना करते. तिची प्रार्थना अशी लिहिलेली असते हे फक्त आत्याला माहीत होतं. ज्या कुणासाठी ती प्रार्थना धरायची त्याची एक ओळ. ती गोष्ट पार पडली की लाल शाईनं शेवटच्या रकान्यात तारीख. तोवर रकाना रिकामा, आणि रिकाम्या ओळी रोज पहाटे वाचायच्या.

मी पानं उलटत गेले. तिसरा महिना, रक्त कमी. कंडक्टर, कामावरून काढलं. मुलगी बोलत नाही. सवतीचा जाच. दहावी, गणित. ऑक्टोबर १९९३ ची पानंच्या पानं भरलेली: किल्लारी, सास्तूर, होळी, आणि प्रत्येक गावापुढं बायकांची नावं, फणी फिरवताना विचारून घेतलेली. त्यांतल्या पुष्कळ ओळींना लाल तारीख नाही. त्या बायकांचं पुढं काय झालं हे कळायला तिला मार्ग नव्हता. नव्या वहीत जाताना तिनं त्या ओळी पुन्हा उतरवून काढल्यात. त्याच्या पुढच्या वहीतही. शेवटच्या वहीत, कापऱ्या अक्षरात, सास्तूरची दोन नावं अजून आहेत.

भक्ती, विश्वास हे शब्द देवळात मी लहानपणापासून ऐकतेय. आजीची भक्ती म्हणजे तिची राउंड होती, असं मला त्या वह्या बघून वाटलं. वॉर्डातला एकही पलंग न वगळता, रोज. नोकरी सुटली तरी ती सुटली नाही.

बाबांनी एक वही उचलून घेतली होती. बराच वेळ एकाच पानावर होते. मी वाकून पाहिलं. १९७९. नावाच्या जागी 'थोरला'. कशासाठी: 'बापाशी बोलत नाही'.

माझ्या आजोबांना वाटायचं मुलानं गिरणीत लागावं, साच्यावर, म्हणजे मागावर, नाव लावून देण्याची सोय होती. बाबांनी पुण्यात नोकरी धरली. दोघंही तोंडाचे तिखट. जे बोलू नये ते बोलून झालं आणि त्यानंतर बाबा घरी आले तरी आजोबांशी शब्द नसे. हे मला ढोबळ माहीत होतं. त्या ओळीला लाल तारीख होती मार्च १९९० ची. अकरा वर्षं ती ओळ आजीनं रोज वाचली होती, आणि त्या अकरा वर्षांत बाबांना तिनं एकदाही, जा, बोल, माफी माग, असं सांगितलं नव्हतं.

"मार्चमध्ये काय झालं होतं?" मी विचारलं.

"दादा दवाखान्यात होते," बाबा म्हणाले. "मी दाढी करून दिली त्यांची." वडिलांना ते दादा म्हणत. "ते म्हणाले, गालाला नीट ताण दे. एवढंच बोलणं झालं. मी बाहेर आलो तर आई बाकावर बसलेली. मला वाटलं तिनं ऐकलंही नसेल."

आत्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग उठून तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं.

मंगळवार

भोगी. शेजारच्या अक्कांनी सकाळीच तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि संक्रांतीच्या आधीच केलेल्या शेंगापोळ्या आणून दिल्या. अक्का लिंगायत. त्यांच्या आणि आमच्या घरातलं ताटांचं जाणं-येणं साठ वर्षांचं आहे. नाताळला आमच्याकडून करंज्या, शंकरपाळी, अनारसे जायचे, संक्रांतीला त्यांच्याकडून शेंगापोळी यायची. आजी आपल्या विश्वासात काटेकोर होती. कुंकू लावत नसे, आरतीला उभी राहत नसे आणि ते अक्कांना ठाऊक होतं. पण अक्कांचे यजमान नंदीध्वज खांद्यावर घेणाऱ्यांत होते, आणि यात्रेत त्यांचा खांदा सुजला की शेक द्यायला आजीच जायची. अक्का म्हणाल्या, "ह्या वर्षी शेकाला कोण येतंय? पोराचा खांदा बी आत्ताच सुजलाय बघा." आत्या लगेच पिशवी घेऊन गेली.

आज अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न झालं, त्याची आठवण म्हणून संमती कट्ट्यापाशी लाखो लोक अक्षता टाकतात. दुपारपर्यंत सगळं शहर पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर उतरलं होतं आणि "हर्र बोला हर्र" घरात ऐकू येत होतं.

वह्यांचं काय करायचं हा प्रश्न जेवताना निघाला. काका म्हणाले, मंडळीच्या कपाटात जपून ठेवू. मला ते पटलं नाही. त्यांत लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, त्या कुणी चाळाव्यात अशा नाहीत. आत्या म्हणाली, जुन्या वह्या माझ्यापाशी राहतील. आणि शेवटच्या वहीतल्या रिकाम्या ओळी? त्या तिनं वर्षभर स्वतः वाचल्या होत्या, हे तेव्हा कळलं. "मला आता नीट दिसत नाही," ती म्हणाली. "वाटून घ्या."

मग ताटं बाजूला सारून आम्ही ओळी वाटून घेतल्या. ज्या पार पडल्याचं आत्याला माहीत होतं त्यांपुढं काकांनी लाल पेननं तारखा घातल्या. सास्तूरची दोन नावं बाबांनी मागून घेतली. त्यांना उन्हाळ्यात तिकडं जाऊन चौकशी करायची आहे. लोहारा तालुक्यात त्यांचा एक जुना सहकारी राहतो, त्याला त्यांनी तिथूनच फोन लावला.

रस्ते बंद म्हणून स्टेशनपर्यंत बॅगा हातात घेऊन चालत गेलो. गाडी वेळेवर होती. माझ्याकडं सात ओळी आल्यात. त्यांतली एक अक्कांच्या नातवाची, रेल्वे भरतीची. दोनदा थोडक्यात हुकलाय. परीक्षा फेब्रुवारीत आहे, तारीख लागली की अक्का फोन करणार आहेत.